सोडतीपूर्वीचे घर

परवडणाऱ्या घरांची सोडत जाहीर झाली, की उत्पन्नाचा दाखला, अनामत रकमेची पावती आणि पासबुकाची प्रत पिशवीत घालून महापालिकेच्या किंवा म्हाडाच्या कचेरीकडे निघालेली माणसे आपल्या प्रत्येक मोठ्या शहरात दिसतात. आणि त्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो, की आपले नाव निघेल काय. हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि ज्याने पंधरा-वीस वर्षे भाड्याच्या खोलीत काढली त्याला दुसरा प्रश्न सुचावा अशी अपेक्षा करणेही निर्दयपणाचे होईल. तथापि ज्या घरासाठी तो रांगेत उभा असतो ते घर मुळात बांधले जाणार की नाही, कोणत्या भागात बांधले जाणार, किती चौरस फुटांचे होणार आणि त्याची किंमत त्याच्या मिळकतीच्या आवाक्यात राहणार की नाही, या चारही गोष्टींचा निकाल सोडतीच्या आठ-दहा वर्षे आधी, बहुधा त्याच्या नकळत, लागून गेलेला असतो. तो निकाल तीन दस्तऐवजांत लिहिलेला असतो : शहराचा विकास आराखडा, जमिनीची मिळकतपत्रिका किंवा सातबारा, आणि महापालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक. हे तीन कागद सामान्य नागरिकाने कसे वाचावेत आणि कोणत्या वेळी कोणत्या मेजापुढे जाऊन उभे राहावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम थोडे मागे गेले पाहिजे, कारण आजच्या चुकांची मुळे जुनी आहेत. 1896 मध्ये मुंबईत ग्रंथिक संनिपाताची साथ आली आणि तिच्या धास्तीने 1898 मध्ये मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढावेत, हवा खेळती ठेवावी आणि उत्तरेस दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखावी, अशी त्याची कामे होती. ती त्याने बव्हंशी पार पाडली, परंतु पाडलेल्या खोल्यांतून उठलेल्या गरिबांपैकी पुष्कळांना नव्या खोल्या मिळाल्या नाहीत. मग गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत 1920 मध्ये विकास विभाग निघाला आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे त्या चाळी उभ्या केल्या, ज्यांना आपण आजही बीडीडी चाळी म्हणतो. पैसा उभा केला तो कर्जरोखे काढून, आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून. कापडाच्या धंद्यामुळे मजूर आले, तेव्हा त्यांच्या निवाऱ्याचा भार त्या धंद्याने उचलावा, हे तत्त्व मला आजही आदरणीय वाटते. पण बांधकाम महागाईच्या काळात झाले, तो खर्च भाड्यात उतरला, वरळीसारखे ठिकाण तेव्हा गिरण्यांपासून गैरसोयीचे होते, आणि परिणामी निवाऱ्यावाचून तळमळणाऱ्या शहरात सरकारने बांधलेल्या शेकडो खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून राहिल्या. घर बांधले म्हणजे ते परवडते असे नव्हे, ही गोष्ट मुंबईने शंभर वर्षांपूर्वी एवढी मोठी किंमत देऊन शिकून घेतली होती.

आता पहिल्या कागदाकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये प्रत्येक महापालिकेने आपल्या हद्दीचा विकास आराखडा करावयाचा असतो, आणि तो साधारणतः वीस वर्षांचा विचार करून केला जातो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला, तर मुंबईचा 2034 पर्यंतचा आराखडा 2018 मध्ये. ह्या आराखड्याच्या नकाशावर शाळा, बाग, दवाखाना यांच्यासाठी जसे भूखंड राखून ठेवलेले असतात, तसेच काही भूखंड आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घरांसाठी राखलेले असतात. आपल्या प्रभागाचा भाग-नकाशा महापालिकेच्या विकास आराखडा खात्यातून मागून घ्यावा, त्याच्या कडेची रंगांची सूची वाचावी, आणि गृहनिर्माणासाठी राखलेला प्रत्येक भूखंड, त्याचा सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ आपल्या वहीत उतरून घ्यावे. हे काम एका दुपारचे आहे. पण ज्या वस्तीतील दहा माणसांच्या वहीत ही नोंद आहे, तिच्याशी बोलताना अधिकाऱ्यांचीही भाषा बदलते, हा माझा अनुभव आहे.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तो क्षण सर्वांत मोलाचा. त्याची सूचना राजपत्रात व स्थानिक वर्तमानपत्रांत येते, ठरलेल्या मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात, आणि मग नियोजन समिती, जिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या बाजूने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात, हरकतदारांचे म्हणणे समक्ष ऐकून घेते. ही सुनावणी केवळ उपचार असते असे समजून पुष्कळ लोक घरी बसतात. त्यांनी 2015 साल आठवावे : मुंबईच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यातील चुकांवर हरकतींचा असा पाऊस पडला, की शासनाला तो मसुदा बाजूस ठेवून पुन्हा दुरुस्त करून घेण्याचा आदेश द्यावा लागला, आणि दुरुस्त मसुदा पुढल्या वर्षी नव्याने लोकांपुढे आला. हरकत लिहिताना अमुक अन्यायकारक आहे एवढेच लिहून भागत नाही. भूखंडाचा सर्व्हे नंबर, जुन्या आराखड्यातील आरक्षण, नव्या मसुद्यातील बदल, आणि तो बदल झाल्यास घरांची किती जागा कमी होते, या चार गोष्टी अर्जात असाव्यात. दोन पानांपेक्षा अधिक लिहू नये. आणि पोच घेतल्यावाचून टेबल सोडू नये. पुढे मंजूर आराखड्यात एखादेच आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव त्याच अधिनियमाच्या कलम 37 खाली येतो, तेव्हाही जाहीर सूचना निघते व हरकतीसाठी महिन्याची मुदत असते. अशी सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेली असते, आणि घरांच्या कित्येक जागा त्या बारीक टाइपातूनच नाहीशा झालेल्या आहेत.

आरक्षण नकाशावर पडले म्हणून जमीन महापालिकेची होत नाही. हा दुसऱ्या कागदाचा विषय, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाला कलम 127 खाली खरेदीची सूचना देता येते. आणि त्या सूचनेनंतर 24 महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे ती जमीन मालकाकडे मोकळी होऊन परत जाते. उपनगरातील एका घरांच्या आरक्षणावर मी कित्येक वर्षे मालमोटारी उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत. त्या काळात कोणी पत्र लिहिले नाही, कोणी मोजणी मागितली नाही, आणि एके दिवशी तेथे पत्र्याचे कुंपण पडून दुसऱ्याच इमारतीचा फलक लागला. म्हणून वहीतील प्रत्येक भूखंडापुढे तीन रकाने आखावेत : मालकी कोणाची, ताबा कोणाकडे, आणि खरेदीची सूचना आली आहे काय. पहिले दोन रकाने सातबारा, मिळकतपत्रिका व फेरफार पाहून भरता येतात; तिसऱ्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज पुरेसा आहे, आणि त्याचे उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. दहाव्या वर्षाची वाट पाहू नये. आठव्या वर्षीच नगरसेवकाकडे आणि आयुक्तांकडे लेखी विचारणा सुरू करावी, कारण संपादनाच्या कागदांना दोन वर्षे सहज लागतात.

जमीन घेताना महापालिका मालकाला रोख मोबदला क्वचितच देते, आणि यामागचे गणित समजल्याखेरीज शहराच्या घरबांधणीचा हिशेब समजत नाही. रोख पैशाऐवजी मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, ज्याला सर्वजण टीडीआर म्हणतात, दिला जातो. म्हणजे या भूखंडाच्या बदल्यात अमुक चौरस मीटर जादा बांधकाम दुसरीकडे करण्याचा किंवा तो हक्क विकण्याचा दाखला. त्याचप्रमाणे अधिमूल्य भरून जादा चटईक्षेत्र विकत देणे, हे आज महापालिकांच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन झाले आहे. चटईक्षेत्र हे जणू महापालिकेच्या टांकसाळीतले नाणे : तिजोरीतून दमडी न काढता ते पाडता येते, आणि म्हणूनच ते पाडण्याचा मोह अनावर असतो. परंतु त्या नाण्याची किंमत कोणी तरी चुकवीत असतेच. जेथे तो जादा मजला चढतो तेथील जलवाहिनी, गटार आणि रस्ता पूर्वीचाच राहतो. शिवाय टीडीआरचा भाव बिल्डरांच्या बाजाराबरोबर वरखाली होतो. मंदी आली की मालक दाखला घेण्यास नाखूश होतात आणि गरिबांच्या घरांची जमीन अडकून पडते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचा सारा डोलारा 1995 पासून याच नाण्यावर उभा आहे. विक्रीच्या सदनिकांच्या नफ्यातून पुनर्वसनाच्या सदनिका फुकट, ही कल्पना जेथे जमीन सोन्याच्या भावाची आहे तेथे चालते. जेथे भाव मध्यम आहे तेथे विकासक फिरकत नाही, आणि झोपडीवासीय वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरात दिवस मोजतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की जी महापालिका घरांसाठी केवळ चटईक्षेत्रावर विसंबते आणि अंदाजपत्रकात रोख तरतूद करीत नाही, तिने आपले गृहनिर्माणाचे धोरण बाजाराच्या हवाली केलेले असते.

याच वर्गातील आणखी एक तरतूद वाचकांनी अवश्य जाणून घ्यावी, ती समावेशक गृहनिर्माणाची. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांच्या हद्दीत 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर खाजगी प्रकल्प उभा राहतो, तेव्हा विकासकाने वीस टक्के भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी राखावयाचा असतो, आणि त्या सदनिकांचे वाटप म्हाडाच्या सोडतीने व्हावयाचे असते. हा नियम 2013 पासून आहे आणि 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही कायम आहे. 2022 च्या आरंभी नाशिकमध्ये अशा किती सदनिका म्हाडाकडे खरोखर पोहोचल्या हा प्रश्न विधान परिषदेत गाजला, तेव्हा राज्यभर लोकांना या नियमाची आठवण झाली. तुमच्या शेजारी मोठा गृहप्रकल्प होत असेल, तर बांधकाम परवान्याची व मंजूर नकाशाची प्रत मागवून पाहा : क्षेत्र 4,000 च्या किंचित खाली ठेवण्यासाठी एकाच मालकाच्या जमिनीचे तुकडे पाडले आहेत काय, वीस टक्क्यांच्या सदनिका नकाशावर कोठे दाखविल्या आहेत, आणि त्यांची माहिती म्हाडाला कळविली आहे काय. भोगवटा प्रमाणपत्र निघण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाला वजन असते, त्यानंतर उरतो तो पत्रव्यवहार.

आता पैसा. महापालिकेचे अंदाजपत्रक पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्याचे दोन भाग असतात, महसुली व भांडवली. पगार, वीज, दुरुस्ती हा महसुली खर्च. नवी इमारत, नवा रस्ता हा भांडवली. गृहनिर्माणाची तरतूद भांडवली भागात शोधावी आणि एकाच वर्षाचा आकडा पाहून समाधान मानू नये. मागील वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडावेत. ज्या शीर्षाखाली दर साल मोठी तरतूद दिसते आणि दर साल सुधारित अंदाजात ती निम्म्यावर येते, त्या शीर्षातला पैसा वर्षअखेरीस वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे गेलेला असतो. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात आणि त्यावर मुख्य सभेचे शिक्कामोर्तब होते. या दोहोंमधल्या काही आठवड्यांत नगरसेवकाला भेटावे, आधी किंवा नंतर नव्हे. मार्च 2022 पासून पुण्यासारख्या शहरांत दीर्घकाळ निवडून आलेली सभाच नव्हती आणि प्रशासकांच्या सहीने अंदाजपत्रके मंजूर होत राहिली. अशा काळात प्रशासकांना दिलेल्या लेखी निवेदनावाचून दुसरा मार्ग उरत नाही, म्हणून तो सोडू नये.

एका सदनिकेचा हिशेब मांडून पाहू, म्हणजे कोणता रुपया कोठून येतो हे उमगेल. आकडे उदाहरणादाखल घेतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या भागीदारीतील घटकात 30 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 323 चौरस फूट चटईक्षेत्राचे घर धरले, तर जिना, भिंती, सामाईक जागा मिळून बांधकाम 400 चौरस फुटांच्या आसपास जाते. दर चौरस फुटाला 3,000 रुपये खर्च धरला तर 12 लाख रुपये झाले. त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख वजा केले, की साडेनऊ लाख उरतात. त्यातले दहा टक्के रोख भरून उरलेले 8 लाख 55 हजार रुपये नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 7,700 रुपयांचा बसतो. योजनेतील दुर्बल घटकाची वार्षिक उत्पन्नमर्यादा 3 लाख रुपये, म्हणजे महिन्याला 25,000. जो कुटुंबप्रमुख या मर्यादेच्या अगदी काठावर आहे त्याच्याही मिळकतीचा तिसरा हिस्सा हप्त्यात गेला. ज्याला पंधरा हजार मिळतात त्याचा अर्धा. आणि या साऱ्या हिशेबात जमिनीची किंमत आपण शून्य धरली आहे. ती बाजारभावाने धरावी लागली असती तर हा हिशेब मांडण्यातच अर्थ उरला नसता. परवडणाऱ्या घराला परवडणारे करते ते अनुदानापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात जमीनच, आणि म्हणून आरक्षणाच्या त्या रंगीत तुकड्यांची राखण एवढ्या आग्रहाने सांगावी लागते. जमीन वादग्रस्त असली तर काय होते हे पिंपरी-चिंचवडमध्ये दिसले : चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी व रावेत येथील घरांची सोडत 2021 मध्ये निघाली, परंतु रावेतच्या जागेचा वाद न्यायालयात असल्यामुळे तेथे सोडतीत नाव निघूनही लोकांचे घर अडकून पडले.

महापालिकेने कर्जरोखे काढून घरे का बांधू नयेत, असे कोणी विचारील. पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये 200 कोटींचे रोखे काढले होते, ते समान पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी. पाणीपट्टीचे उत्पन्न परतफेडीला आधार देऊ शकते. अनुदानित घरात तसा आधार नसतो, म्हणून तेथे कर्जाचा उपयोग बांधकाम चालू असेतोवरची रोखीची अडचण भागविण्यापुरताच शहाणपणाचा ठरतो. पण त्या वस्तीचे गटार, रस्ता, पाणी आणि बसथांबा यांची तरतूद महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून, घरांच्या सोबतच केली पाहिजे, आणि अंदाजपत्रक वाचताना ही दोन्ही शीर्षे एकाच वेळी तपासली पाहिजेत. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, हलविण्यात आली तेव्हा घरे तयार होती. राहण्याजोगी हवा आणि जवळ दवाखाना नव्हता, आणि शेवटी उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. सोडतीच्या जाहिरातीतील पत्ता वाचून अर्ज करण्यापूर्वी एकदा सकाळी आठ वाजता आपल्या कामाच्या जागेहून त्या ठिकाणी बसने जाऊन यावे, आणि एकदा भर पावसात.

या सर्व विवेचनात मला सर्वांत आशादायक वाटते ते येरवड्याचे उदाहरण. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातील गरिबांसाठी मूलभूत सेवांच्या योजनेखाली पुणे महापालिकेने तेथील नेताजीनगर, मदर तेरेसानगर, शीला साळवेनगर आदी वस्त्यांत लोकांना न उठविता, जेथे ज्याचे कच्चे घर होते तेथेच किंवा लगत 270 चौरस फुटांचे पक्के घर बांधून देण्याचे काम हाती घेतले. घरामागे खर्च सुमारे 3 लाख धरला होता. त्यातला निम्मा केंद्राचा, उरलेला राज्याचा व महापालिकेचा, आणि दहावा हिस्सा कुटुंबाचा. काही वस्त्यांत हे काम स्पार्क आणि महिला मिलन या संस्थांनी केले. महिला मिलनच्या बायकांनी कितीतरी आधी, भायखळ्याच्या पदपथावर राहत असताना, एक रीत पाडली होती : घराचा आराखडा कागदावर पाहून होकार देण्यापूर्वी, बांबू आणि कापड लावून तेवढेच मोठे घर मैदानात उभे करावयाचे, त्यात शिरून पाहावयाचे, मोरी कोठे, चूल कोठे, पाच माणसे निजली तर पाय कोठे येतात ते मोजावयाचे, आणि मग नकाशा दुरुस्त करून घ्यावयाचा. अभियंत्याच्या पट्टीला न दिसलेल्या चुका त्या बायकांना दिसत.

आपल्या प्रभागात महापालिकेच्या घरांचा प्रकल्प मंजूर झाल्याचे कळले, की निविदा निघण्यापूर्वी अशा नमुन्याच्या घराची लेखी मागणी करावी, आणि अर्जावर वस्तीतील निदान पंचवीस बायकांच्या सह्या घ्याव्यात. निविदा एकदा उघडली, की भिंत सहा इंच सरकविण्यासाठीही वाढीव खर्चाचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे न्यावा लागतो.